सातव्या वॉर्डाचा नालबंद

हुसेनचाचा नालबंदांनी माझं तोंड पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमची ओळख होऊन अकरा महिने झाले होते. तोवर ते मला फक्त पायांवरून ओळखायचे. एके दिवशी त्यांच्या दुकानासमोर केळीच्या सालीवरून माझा पाय सटकला, मी सपशेल आडवा झालो आणि माझं तोंड त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलं. हातातला घोड्याचा खूर तसाच धरून त्यांनी ते सावकाश निरखलं. मग म्हणाले, "अस्सं हाय व्हय तुमचं तोंड! मला वाटलं, मिशा असतील."

मला मिशा फुटत नव्हत्या आणि त्याचं दुःख मला त्या वयात फार होतं. तरीसुद्धा मी रागावलो नाही. हुसेनचाचांवर रागावणं अवघड होतं, कारण रागावलेला चेहरा त्यांना दिसायचाच नाही.

चाळीस वर्षं हा माणूस घोड्यांच्या पोटाखाली वाकलेला. टांग्याची तट्टं, सरदारांची जनावरं, वरातीतल्या घोड्या, सगळ्यांचे पाय मांडीवर घेऊन त्यांनी नाल ठोकले. त्यात कणा जो वाकला तो वाकलाच. मान वर करायची तर त्यांना एक हात जमिनीला टेकून सगळं अंग मागं रेलावं लागे. एवढा खटाटोप माणसांची तोंडं बघण्यासाठी करावा, असं त्यांना कधी वाटलं नाही. "तोंडाला काय, शिकवता येतंय ओ," ते म्हणायचे. "आतनं जळतंय आनि वरनं हसतंय. पायाला कोन शिकवनार? पाय खोटं बोलत न्हाईत."

हे शेवटचं वाक्य ते दिवसातून पंधरा वेळा म्हणत. पहिल्या चौदा वेळा मला ते म्हाताऱ्याचं चऱ्हाट वाटलं. पण पहिल्याच भेटीत माझ्याबाबतीत काय झालं ते सांगतो.

मी मूळचा मुरगूडचा. कोल्हापुरात कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या दुकानावरून चाललो होतो. कपडे शहरी, टोपी नवी, चालण्यात मुद्दाम आणलेला रुबाब. खालून आवाज आला, "काय पावणं, मुरगूडचं काय?" मी थबकलो. तुम्हाला कसं कळलं, म्हणून विचारलं. ते खुराला कानस मारता मारता म्हणाले, "चपलंची शिवन तिकडल्या बाजाराची हाय. आनि गाडीवाटंच्या चाकोरीतनं चालल्यागत एका रेघंत चालताय. रस्ता रुंद हाय हितला, जरा ऐसपैस चाला की." तेव्हापासून त्या दुकानासमोर आलं की मला चालताच येईना. पाय एकमेकांत अडकायला लागले. केळीच्या सालीचा प्रसंग हा त्याचाच शेवट होता.

आता सातव्या वॉर्डाबद्दल सांगायला हवं. आज तुम्ही कोल्हापूरभर हिंडलात तरी हा वॉर्ड तुम्हाला सापडणार नाही. महाराजांच्या कारकिर्दीत शहरातल्या लोकांनी आपले मेंबर आपण निवडून द्यायचे असं ठरलं, तेव्हा कचेरीत नकाशा पसरून वॉर्ड पाडले गेले. ज्यांनी रेघा ओढल्या ते बहुधा जेवायच्या घाईत असावेत. आमच्या वॉर्डाची हद्द एका विहिरीपाशी सुरू व्हायची, तालमीला वळसा घालून तिला बाहेर ठेवायची आणि एका तेल्याच्या घराच्या मधून जायची. त्याचं पुढचं दार सातव्यात आणि मागचा गोठा आठव्यात. त्यामुळं दोन्ही वॉर्डांचे उमेदवार त्याच्याकडं यायचे. सातव्यातला ओसरीवर बसायचा आणि आठव्यातला म्हशीपाशी. हा वॉर्ड दोन निवडणुका जगला. त्याची यादी ठेवायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून त्याचा इतिहास मला ठाऊक आहे. खरं म्हणजे मला फक्त कागद ठाऊक आहेत. इतिहास सगळा हुसेनचाचांच्या डोक्यात होता.

पहिल्या निवडणुकीच्या आधी मोठा पेच पडला. एकेका गल्लीत चार-चार गणू आणि तीन-तीन बाबू. मत द्यायला येणारा माणूस तोच, हे सांगणार कोण? दोन्ही उमेदवार एकमेकांच्या माणसांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. पाणी कुठल्या विहिरीचं प्यायचं यावरसुद्धा त्यांचं एकमत नव्हतं. एकाच नावावर दोघांनीही मान डोलावली. हुसेनचाचा.

चाचांनी अटी घातल्या. त्यांना उंबऱ्याच्या आत बसायला एक पाट हवा. मतदारानं पायताण काढायचं नाही. दारातून त्यांच्यापर्यंत सात पावलं मुकाट्यानं चालत यायचं. मग ते नाव सांगणार आणि मी यादीवर खूण करणार.

आमचे साहेब हसले. त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. दहा माणसं एकामागून एक चालवली. चाचांनी नऊ जणांची नावं बापाच्या नावासकट सांगितली. दहाव्याला म्हणाले, "ह्यो आमच्या वॉर्डातला न्हाय. आनि बूट दुसऱ्याचं हाईत. आत बोटं मुडपल्यात, काढा बघू, फोड येतील." दहावे स्वतः साहेब होते. शिपायाचे बूट घालून आले होते. त्यांनी ते काढले तेव्हा खरोखरच करंगळीला फोड आला होता. साहेब त्या दिवशी पुन्हा हसले नाहीत.

निवडणुकीच्या दिवशी तर मी हात जोडायचाच बाकी राहिलो. दुपारी एक मतदार आला. अंगरखा, पटका, मधूनमधून येणारा कोरडा खोकला, सगळं भिकू तांबटाचं. भिकू तांबट थोड्याच दिवसांपूर्वी वारला होता, पण यादीत त्याचं नाव तसंच होतं. त्या माणसाला बघून माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. सात पावलं झाली. चाचा शांतपणे म्हणाले, "भिकूच्या उजव्या गुडघ्यात कळ हुती. तो उंबरा कायम डाव्यानं वलांडायचा. ह्यो उजव्यानं आलाय. आनि बोटांच्या बेचक्यात तांबडी माती हाय बगा, आखाड्याची. पैलवान हाय ह्यो, पलीकडच्या पेठंतला." तो दांडगा पैलवान पटका काढून चाचांच्या पायाच पडला. "चुकलं चाचा" म्हणाला. चाचांनी त्याला उठवलं आणि सांगितलं, "जोर मारताना डावा तळवा वाकडा टेकवतोस. सरळ टेक, न्हायतर कंबर जाईल." म्हणजे पकडल्यावर वर वस्तादाचं काम!

एकदा महाराजांची गाडी आमच्या वॉर्डातून चालली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक मुजरे करत उभे. चाचांनी मुजराबिजरा काही केला नाही. खालूनच ओरडले, "थांबवा! डाव्या घोड्याचा मागचा नाल ढिला हाय!" आम्ही जागच्या जागी गोठलो. गाडी थांबली. चाचांनी घोड्याचा पाय मांडीवर घेतला, तीन खिळे बदलले, खुरावर थाप मारली आणि बाजूला झाले. गाडी गेल्यावर सगळे त्यांच्याभोवती जमले. महाराज काय बोलले, कसे दिसत होते, हसले का. चाचा म्हणाले, "कोन जाणं! म्या घोडं बघत हुतो." नंतर थोडं आठवून म्हणाले, "जोडं मात्र साधं हुतं. आपल्यासारखंच." हे सांगताना त्यांचा आवाज जरा ओला झाला होता.

आता एक गंमत ऐका. ज्या माणसाच्या शब्दावर सगळा वॉर्ड मत द्यायचा, त्याला स्वतःला मत नव्हतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणं मतदाराच्या नावावर घर हवं आणि त्याला सही करता यायला हवी. घर चाचांचं होतं, पण सही येत नव्हती. सही यायची यासीनला. यासीन हा त्यांचा एकुलता मुलगा. त्याची आई तो रांगत असतानाच गेली. चाचांनी त्याला एका हातानं वाढवला आणि दुसऱ्या हातानं नाल ठोकले. तो जरा मोठा झाला तसं त्याला शाळेत घातलं. वॉर्डाची यादी होणार असं कळल्यावर चाचांनी घर सरळ त्याच्या नावावर करून टाकलं. लोकांनी वेड्यात काढलं. म्हातारपणी घर कोणी पोराच्या नावावर करतं काय? चाचा म्हणाले, "नालबंदाच्या घरात सही करनारं मानूस हाय, हे यादीत दिसाय नको व्हय?"

पहिल्या निवडणुकीत यासीन सगळ्यांच्या शेवटी आला. चाचांनी त्याचे पाय पाहिले आणि ओळख पटवली ती अशी, की दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जावं. "यासीन हुसेन नालबंद! सातवा वॉर्ड!" मग त्यांनी त्याची सही साहेबांना दाखवायला लावली, दोन्ही उमेदवारांना दाखवायला लावली आणि मला दोनदा विचारलं, "नीट हाय न्हवं? फाटे फुटलं न्हाईत न्हवं?" सही चांगली ठसठशीत होती. ती करताना पोराचे कान लाल झाले होते.

मग मोठी लढाई लागली. घोडदळाला नालबंद हवे होते. यासीन गेला. बसऱ्याहून त्याची पत्रं यायची आणि ती मी वाचून दाखवायचो. प्रत्येक पत्रावर पत्ता एकच: हुसेन नालबंद, वॉर्ड नंबर सात, कोल्हापूर. पत्रात घोड्यांबद्दल फार आणि स्वतःबद्दल थोडं. तिथल्या वाळूत नाल लवकर झिजतात, एवढ्यावर एक अख्खं पत्र होतं. चाचांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. नंतर पत्रं यायची थांबली. लढाई संपली, बरोबरची पोरं परत आली. यासीन आला नाही आणि तो गेल्याचा कागदही आला नाही. कोणी म्हणालं तापात गेला, कोणी म्हणालं नदीत. पाहिलेलं कोणीच नव्हतं.

दरम्यान सहीचा नियम सैल झाला, अंगठा चालू लागला. मी आपला उत्साहानं चाचांकडं गेलो. म्हटलं, आता घराला वारस म्हणून तुमचं नाव लावू, म्हणजे मतही तुमचंच होईल. इतक्या वर्षांनी तुम्ही मत द्याल, चाचा!

"वारस म्हंजे? काय लिवावं लागंल?"

"यासीन... मयत आहे, असा अर्ज." मी हे अगदी हळू म्हणालो.

समोर घोडा नव्हता तरी त्यांनी हातोडी उचलली आणि ऐरणीवर एक थंड नाल ठोकत बसले. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी दुकानासमोरून गेलो की पाय दुसरीकडचेच असल्यासारखे ते खाली बघत राहायचे. माझ्या हुशारीची मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. तो कागद झाला तर पोरगा खरंच गेला, आणि कागद नाही तोवर नाही गेला, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

दुसऱ्या निवडणुकीला म्हणूनच यादीत यासीनचं नाव तसंच होतं. या वेळी साहेबांनी थोडा बदल केला होता. दारात शिपायानं मतदाराचं नाव पुकारायचं, मग चाचांनी पाय बघून होय किंवा नाही सांगायचं. दुपार टळत आली होती. चाचांनी सकाळपासून कोणाच्या गुडघ्याच्या वर नजर नेली नव्हती. आणि शिपायानं पुकारलं, "यासीन हुसेन नालबंद!"

माझ्या हातातला टाक तसाच राहिला. कोणा बाहेरच्या दीडशहाण्यानं यादीतली परगावी गेलेल्यांची नावं हेरली होती. त्यातलं एक नाव त्यानं एका पोराला शिकवून पाठवलं होतं. दारात कोण बसलंय याचा त्याला पत्ताच नसणार. पोरगा दारातून आत आला. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला, त्याच वयाचा.

चाचांनी त्याचे पाय पाहिले नाहीत. त्यांनी हात जमिनीला टेकला, सगळं अंग मागं रेललं आणि मान वर केली. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, तोंड थोडं उघडं होतं. पोरगा सात पावलं चालून आला, समोर उभा राहिला, तरी ते त्याचं कपाळ, नाक, डोळे बघतच राहिले. दोन्ही उमेदवार एकाच बाकापाशी एकमेकांना चिकटून उभे होते आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं.

"न्हाय," चाचा शेवटी म्हणाले. "ह्यो न्हवं."

पोराला आता काहीतरी उमगलं होतं. तो रडकुंडीला आला. "चाचा, मला ठावं न्हवतं ओ. आईशप्पत ठावं न्हवतं."

"बाप हाय तुला?"

"हाय."

"मग घरला जा. वाट बघत आसंल." असं म्हणून चाचांनी मान खाली घातली आणि शिपायाला सांगितलं, "फुडचं नाव घ्या."

पुढचे चाळीसएक मतदार त्यांनी बिनचूक ओळखले. संध्याकाळी मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत धीर करून विचारलं, "चाचा, त्याचे पाय का नाही पाहिले?"

ते रस्त्यावरची पावलं बघत चालत राहिले. मग म्हणाले, "पायानं लगीच कळलं आसतं की. तोंड म्हंजे आमाला नवं. वळकायला जरा येळ लागतोय. तेवढाच येळ गावला." मी रस्त्यात त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

त्यानंतर वर्षभरात सातवा वॉर्ड मोडला. नवी व्यवस्था आली, सातवा आणि आठवा मिळून एकच मोठा वॉर्ड झाला. तेल्याचं घर एकसंध झालं म्हणून त्यानं पेढे वाटले. बाकी कोणाला सुखदुःख नव्हतं. हुसेनचाचा मात्र कचेरीत आले, जन्मात पहिल्यांदा. साहेबांच्या टेबलाच्या पायाशी बोलल्यासारखं बोलले, "साहेब, वॉर्ड मोडू नगा."

साहेबांनी समजावलं, की घरं आहेत तिथंच राहणार, फक्त नंबर बदलणार.

"नंबरच तर ठावं हाय त्येला," चाचा म्हणाले. "वॉर्ड नंबर सात म्हनून इचारत यील. लोक म्हंतील, असला वॉर्डच न्हाय. मग?"

साहेब मोठ्या अधिकाराचे होते, पण मोडलेला वॉर्ड जोडायचा अधिकार त्यांनाही नव्हता. उलट नव्या यादीचा हुकूम आणखी कडक होता. प्रत्येक नाव जागेवर जाऊन तपासायचं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: हयात, नाहीतर मयत. जो माणूस दाखवता येत नाही तो मयत धरायचा. दुसरा शब्द चालणार नाही.

मी यादी घेऊन चाचांच्या दुकानात बसलो. सगळ्या वॉर्डाची तपासणी तिथंच होणार होती, कारण त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी नाव वाचायचो आणि ते ठोकता ठोकता सांगायचे. "हयात. कालच टाच फुटली म्हनून आलता." "मयत. लई चांगला चालायचा." असं करत करत ते नाव आलं. मला वाटलं, न वाचताच पुढं जावं. पण या माणसानं दोन निवडणुकांत एकाही खोट्या माणसाला आत सोडलं नव्हतं, त्याच्यासमोर मला लबाडी करवेना. मी वाचलं, "यासीन हुसेन नालबंद."

हातोडी थांबली. हयात म्हणाले असते तर मी डोळे मिटून हयात लिहिलं असतं. पण माहीत नसलेलं ते कधीच सांगत नसत. आणि मयत म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी खुरावरून हात फिरवला, घोड्यानं पाय हलवला, तो त्यांनी पुन्हा नीट मांडीवर घेतला.

"लिवा," ते म्हणाले. "वाटेत हाय."

मी लिहिलं. माझ्या उत्तमातल्या उत्तम अक्षरात, शेऱ्याच्या रकान्यात: वाटेत आहे.

यादी सहीसाठी साहेबांपुढं गेली. त्यांचं बोट ओळीओळीवरून सरकत त्या रकान्यात येऊन थांबलं. मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खाली सही करून टाकली. पुढच्या खेपेला दुसऱ्या कारकुनानं यादी उतरवून घेतली. कारकून शेरे वाचत नाहीत, जसेच्या तसे उतरवतात. त्याच्यानंतरच्यानंही तसंच केलं.

दर वर्षी ती यादी चावडीच्या भिंतीवर लागायची. चिकटवायचं काम मात्र माझ्याकडंच होतं. न अक्षराचं पान मी भिंतीच्या अगदी तळाशी लावायचो, जमिनीपासून वीतभर वर. नाईक, निंबाळकर, नरके, सगळी बडी मंडळी धोतर सावरत उकिडवी बसून आपलं नाव शोधायची आणि मला शिव्या घालायची. मी ऐकून घ्यायचो. दुपारी गर्दी सरली की हुसेनचाचा यायचे. त्यांना वाचता यायचं नाही, पण पान त्यांच्या नजरेसमोर असायचं. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवायचो.

"ह्येच न्हवं?"

"हेच, चाचा."

"शेरा?"

"वाटेत आहे."

"व्हय," ते म्हणायचे. "लांब हाय ते." मग आपल्या वाकलेल्या पाठीनं ते सावकाश दुकानाकडं चालू लागायचे, आणि मी ते पान सुटू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांना आणखी थोडी खळ लावायचो.